पंचाऐंशीला एक कमी

वाशी स्टेशनसमोरच्या एका मॉलमध्ये व्हिडिओ गेमच्या नव्या-जुन्या डिस्क घेणारं-विकणारं छोटंसं दुकान आहे. काउंटर, मागे चार फळ्या, वर एक ट्यूबलाइट, बस. नेरूळहून आलेला कॉलेजचा एक मुलगा सॅकमधून डबा काढतो. दुकानदार डिस्कच्या भोकात बोट घालून ती उजेडात तिरकी धरतो. मध्याकडून कडेकडे गेलेली रेघ असली तर तो काही बोलत नाही. रेघ गोलाकार, चकतीच्या फेऱ्याबरोबर गेलेली असली की भाव पडतो, कारण वाचणारा किरण तिच्यावरूनच फिरत राहतो आणि अडकतो. मग तो डबा उघडून आतलं पत्रक बघतो, गेमचं नाव मोबाईलवर टाकतो, बाजारात सध्या कितीला आहे ते पाहतो आणि एक आकडा सांगतो.

त्या काउंटरवर मला ऐकू आलेला आकडा हा एवढाच. या अंकाचा विषय ‘कौल’ असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा मी व्हिडिओ गेमचे रिव्ह्यू आणि त्यांना मिळणारे गुण हा भाग मागून घेतला. जगभर या गुणांवरून भांडणं होतात, कंपन्यांचे बोनस ठरतात, माणसांच्या नोकऱ्या जातात. इथे मात्र कोणी विचारत नाही की अमक्या गेमला शंभरपैकी किती पडले. विचारतात ते वेगळंच. किती तासांचा आहे? स्टोरी आहे की नुसतं ऑनलाइन? दोघांना मिळून खेळता येतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, संपवून परत आणला तर कितीला घ्याल?

प्रश्न बरोबरच आहेत. प्लेस्टेशन ५ च्या मोठ्या गेमची सीलपॅक डिस्क भारतात ४,९९९ रुपयांच्या आसपास पडते. तेवढ्या पैशात पाच तासांत संपणारा अप्रतिम गेम घ्यायचा की साठ तास चालणारा बरा गेम, याचं उत्तर कॅलिफोर्नियातला समीक्षक देऊ शकत नाही. त्याला गेम फुकट आलेला असतो.

संध्याकाळी साडेसातला

फुकट म्हणजे कसा, ते सांगायला हवं. मोठा गेम बाजारात येण्याच्या आठ-पंधरा दिवस आधी कंपनीच्या जनसंपर्क विभागाकडून निवडक समीक्षकांना एक कोड ईमेलनं येतो. तो टाकला की गेम डाउनलोड होतो, शंभर-शंभर जीबीचा. सोबत अटींचा कागद असतो: कोणत्या प्रसंगाबद्दल लिहायचं नाही, कोणत्या टप्प्यापुढचं चित्रण दाखवायचं नाही आणि मजकूर नेमका कधी प्रसिद्ध करायचा. या वेळेला एम्बार्गो म्हणतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी सात ही त्यासाठी नेहमीची वेळ; आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात किंवा, त्यांच्याकडे हिवाळा असेल तर, साडेआठ वाजलेले असतात. त्या मिनिटाला जगभरचे रिव्ह्यू एकदम बाहेर पडतात. साठ तासांचा गेम आठवड्यात संपवून, रात्री जागून, दोन हजार शब्द लिहून समीक्षकानं शेवटी एक आकडा ठोकलेला असतो.

हे आकडे मेटाक्रिटिक गोळा करतं. २००१ मध्ये सुरू झालेली ही साइट निरनिराळ्या नियतकालिकांचे गुण शंभरपैकी करून त्यांची सरासरी काढते. सरासरी साधी नाही, भारित आहे. काही प्रकाशनांच्या मताला जास्त वजन, काहींच्या कमी. कोणाला किती, हे गुपित आहे. ओपनक्रिटिक ही प्रतिस्पर्धी साइट २०१५ मध्ये आली ती याच तक्रारीवर. तिनं वजनं काढून टाकली आणि किती टक्के समीक्षक गेमची शिफारस करतात तेही दाखवायला सुरुवात केली.

मेटाक्रिटिकवर गेमला ७५ किंवा वर पडले की हिरवा रंग, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. सिनेमासाठी मात्र हिरवा रंग ६१ पासूनच सुरू होतो. गेमचे समीक्षक हात सोडून गुण देतात, हे साइटनंच मान्य केल्यासारखं आहे. ज्यांच्या घरात दहावीचा निकाल लागून गेला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पस्तीसला पास ही कागदावरची गोष्ट. विशेष प्रावीण्य पंचाहत्तरला, पण चांगल्या कॉलेजची कट-ऑफ नव्वदीच्या पुढे. गेमच्या जगात दहापैकी सात म्हणजे ‘ठीक’ असं कोणी वाचत नाही, ‘फसला’ असं वाचतात. खालचे पाच-सहा आकडे नुसतेच पट्टीवर छापलेले.

कट-ऑफचा फटका बसलेल्यांत ऑब्सिडियन या अमेरिकी स्टुडिओचं उदाहरण सगळ्यात प्रसिद्ध आहे. २०१० मध्ये त्यांनी ‘फॉलआउट: न्यू वेगास’ बनवला. प्रकाशकाशी करार असा होता की ठरलेली रक्कम मिळेल, विक्रीत वाटा नाही, मात्र मेटाक्रिटिकवर ८५ पडले तर बोनस. पडले ८४. स्टुडिओचे ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी २०१२ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं. तो गेम आजही लोक आवडीनं खेळतात. तो एक गुण नेमका कोणाच्या रिव्ह्यूमुळे गेला, हे शोधायलाही मार्ग नाही, कारण वजनं गुपित.

उलट बाजूचा किस्सा २००७ चा. गेमस्पॉट या साइटचे संपादक जेफ गर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच’ या गेमला दहापैकी ६ दिले. त्या वेळी साइटभर त्याच गेमच्या जाहिराती झळकत होत्या. गर्स्टमन यांची नोकरी गेली. का गेली ते मोकळेपणानं बोलायला त्यांना २०१२ उजाडावं लागलं आणि तेव्हा त्यांनी जाहिरातदाराच्या दबावाचंच कारण सांगितलं. सहा हा आकडा एवढा महाग पडू शकतो.

आपल्याकडे छापील जमान्यात हे प्रकरण जरा साधं होतं. ‘डिजिट’ मासिक आणि त्याच्यासोबत येणारं ‘स्कोअर!’ हे गेमिंगचं प्रकाशन नव्वदीत जन्मलेल्या बऱ्याच मुलांनी स्टेशनवरच्या स्टॉलवरून घेतलेलं असेल. ती काढणाऱ्या नाइन डॉट नाइन समूहाच्या तंत्रज्ञान-मासिकांवर काही वर्षं प्रकाशनाचा पत्ता छापून यायचा तो नेरूळच्या शिरवण्यातला. गुण त्यांतही असायचे. पण ‘डिजिट’ला चिकटवलेल्या डीव्हीडीत गेमचे डेमो असत. समीक्षकानं आठ दिले की नऊ, हा वाद डेमो चालवून घरीच मिटायचा, आणि आपल्या पीसीवर गेम उघडतो तरी का, हेही कळायचं. समीक्षेच्या जोडीला इतकं प्रामाणिक काही त्यानंतर माझ्या पाहण्यात आलेलं नाही.

पिवळ्या रंगातली राजी

मराठी मुलखातला गेम या कसोटीला लागला तेव्हा काय झालं? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डो स्विचवर आला आणि १५ ऑक्टोबरला बाकीच्या मशीनवर. जत्रेत कसरती करणारी राजी नावाची मुलगी, असुरांनी पळवलेला तिचा धाकटा भाऊ गोलू, तिच्या हाती आलेला त्रिशूळ आणि ही कथा सांगणारे निवेदक म्हणून दुर्गा आणि विष्णू. राजस्थानी किल्ल्यांसारखं स्थापत्य, कथेचे दुवे छाया-बाहुल्यांच्या खेळातून. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता. संस्थापकांपैकी एकीनं स्वतःचं घर विकून काम चालू ठेवल्याचं मुलाखतींतून आलेलं आहे.

समीक्षकांनी चित्रांचं, वास्तूंचं, संगीताचं तोंडभर कौतुक केलं. मग लढाई जड आहे, गेम लहान आहे, शेवट मध्येच तुटतो, अशा तक्रारी केल्या आणि पिवळ्या पट्ट्यातले गुण दिले. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी ‘राजी’ला नामांकन होतं; पारितोषिक ‘फॅस्मोफोबिया’ला गेलं.

मी हे रिव्ह्यू पुन्हा काढून वाचले. तक्रारी खोट्या नाहीत. लढताना राजी खरोखर अडखळते आणि शेवट पाहून मीही चडफडलो. आपल्या माणसांचा गेम म्हणून दोन गुण वाढवून द्यावेत, या मताचा मी नाही. मला खटकलं ते वेगळंच. ज्या मुलीनं आजीच्या तोंडून महिषासुराची गोष्ट ऐकली आहे तिला हा गेम कसा वाटेल, हा प्रश्न बहुतेक रिव्ह्यूंत आलेलाच नाही. यायला लिहिणाऱ्यांत तशी मुलगी असायला हवी होती. पौराणिक कथा त्यांच्यासाठी ‘ताजी पार्श्वभूमी’ होती. ती ज्यांना ताजी नाही, घरची आहे, त्यांना त्यात पाणी घातलेलं जाणवतं की अंगावर काटा येतो? दोन्ही शक्य आहे. आणि या उत्तरानं गुण कमीही झाले असते.

पुढे सुधारित आवृत्ती आली, हिंदी आवाज आले. मेटाक्रिटिकचा नियम असा की प्रकाशनानं पहिल्यांदा दिलेला गुण कायम. नंतर मत बदललं तरी आकडा बदलत नाही.

पुण्या-मुंबईतल्याच दुसऱ्या काहींना तर गुणांपर्यंतही पोचता आलं नाही. युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सॅन्ड्स ऑफ टाइम’ नव्यानं घडवण्याचं काम होतं. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रेलर आला आणि चित्रांवरून जगभर टिंगल झाली. जानेवारीत यायचा गेम लांबला, आणि २०२२ मध्ये काम माँट्रियलला गेलं. एकाही समीक्षकानं तो खेळला नव्हता. निकाल लागून मोकळा.

ज्याला गुणपत्रिकाच नाही

आता नवी मुंबईतल्या सगळ्यात मोठ्या गेमकडे येतो. इथे बनलेला आणि भारतात घराघरांत पोचलेला गेम कोणता, असं विचारलं तर लोक क्षणभर थांबतात आणि उत्तर ऐकून हसतात. ‘लुडो किंग’. पाटण्याहून येऊन मुंबईत इंडियागेम्समध्ये काम केलेले विकाश जयस्वाल यांनी स्वतंत्र होऊन नवी मुंबईत गेमेशन टेक्नॉलॉजीज काढली आणि २०१६ मध्ये हा गेम आणला. दहा कोटी डाउनलोडचा टप्पा ओलांडणारा तो पहिला भारतीय गेम. २०२० च्या टाळेबंदीत रोज खेळणारे पाच कोटींच्या घरात गेल्याचं कंपनीनं सांगितलं होतं. त्या मार्च-एप्रिलमध्ये गर्दीनं सर्व्हरची दमछाक झाली, तेव्हा पनवेलची मावशी आणि न्यू जर्सीचा भाचा दोघेही एकाच वेळी चिडलेले असायचे.

या गेमला मेटाक्रिटिकवर गुण नाहीत. कोणी एम्बार्गो लावला नाही, कोड पाठवला नाही. मोबाईलवरच्या फुकट खेळांकडे समीक्षक फिरकत नाहीत. त्यांचं परीक्षण लोकच करतात, ताऱ्यांनी. एक ते पाच.

हे तारे कसे गोळा होतात तेही पाहण्यासारखं आहे. गेम खेळताना अचानक एक चौकट वर येते: आवडला का, तारे द्या. ती कधी आणायची, ही कारागिरी आहे. या धंद्यातल्या कोणालाही विचारा, नुकत्याच हरलेल्या माणसाला कधी विचारू नये. सोंगट्या घरात पोचल्या, फटाके उडाले, की लगेच चौकट. अ‍ॅपल एका गेमला वर्षात तीनदाच ही चौकट दाखवू देतं, म्हणून ते तीन क्षण जपून वापरायचे. गूगलचा नियम असा की ‘आवडला का?’ असं आधी चाचपून फक्त ‘हो’ म्हणणाऱ्यांनाच ताऱ्यांकडे पाठवायचं नाही. नियम आहे म्हणजे लोक तसं करत असणार.

त्याखालचे रिव्ह्यू मात्र अस्सल असतात. ‘लुडो किंग’च्या पानावर सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार एकच: फासा फिक्स आहे. समोरच्याला हवे तेव्हा सहा पडतात, मला पडत नाहीत. फासा यादृच्छिक असल्याचं कंपनी सांगत आली आहे, पण गणितानं कोणाचं समाधान होत नाही. पाटावर खेळताना फासा हातात घोळवता तरी येतो, समोरच्यावर ‘हळूच टाकलास’ असा आरोप करता येतो. इथे आरोप करायला एक ताराच उरतो. रोमन लिपीतल्या मराठीत, सगळा राग ओतून लिहिलेले ते दोन-दोन ओळींचे रिव्ह्यू मी बराच वेळ वाचत बसलो होतो. त्यांत खेळ आवडल्याचा पुरावा इतका भरभरून आहे की एकच तारा दिलेला माणूस रोज खेळतो, हे सहज कळतं.

या ताऱ्यांची एक गोष्ट मेटाक्रिटिकपेक्षा बरी आहे. २०१९ मध्ये गूगलनं रेटिंग काढताना ताज्या मतांना जास्त वजन द्यायला सुरुवात केली, आणि २०२१ च्या अखेरीपासून प्रत्येक देशाला त्या-त्या देशातल्या लोकांचं रेटिंग दिसतं. म्हणजे कोपरखैरण्यात फोन उघडणाऱ्याला दिसणारा आकडा भारतातल्या फोनवर, भारतातल्या नेटवर, भारतातल्या खिशानं दिलेला असतो.

तारे तोडणारे

अर्थात झुंडीला तारे मिळाले की काय होतं, तेही आपण दाखवून दिलं आहे. एप्रिल २०१७ मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखाच्या तोंडी घातल्या गेलेल्या एका वाक्यावर संतापून लोकांनी स्नॅपडीलला एकेक तारा दिला. दोन्ही कंपन्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. मे २०२० मध्ये टिकटॉकचं रेटिंग काही दिवसांत सव्वाच्या आसपास आलं आणि गूगलनं लाखो रिव्ह्यू पुसले. २६ जानेवारी २०२१ ला ‘फौजी’ हा गेम आला तेव्हा पबजी बंद झाल्याची चीड आणि गेमबद्दलची निराशा एकत्र झाली. आठवड्याभरात तारे तीनच्या आसपास.

हे आपलंच दुखणं आहे असंही नाही. जून २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ आल्यावर, पंचवीसेक तासांचा गेम संपवणं शक्यच नव्हतं अशा वेळात हजारो लोकांनी त्याला शून्य देऊन टाकलं. त्यानंतर मेटाक्रिटिकनं वाचकांच्या गुणांसाठी लाँचनंतर छत्तीस तास दार बंद ठेवायला सुरुवात केली. राग छत्तीस तास टिकत नाही, असा त्यांचा हिशेब दिसतो. टिकतो.

कोणाच्या मशीनवर

खारघरला इंजिनिअरिंग कॉलेजांच्या आसपास गेमिंग कॅफे आहेत. तासावर पैसे, एसी, रंगीत दिव्यांचे कीबोर्ड. इथली मुलं रिव्ह्यू वाचत नाहीत, बघतात, आणि तेही विशिष्ट प्रकारचे: गेमचं नाव, पुढे आपल्या ग्राफिक कार्डाचं नाव, पुढे ‘लो सेटिंग’. जीटीएक्स १६५० असलेला लॅपटॉप घेतलेल्या मुलाला गेम शंभरपैकी ९६ चा आहे हे कळून उपयोग नाही. त्याच्या चार जीबीच्या कार्डावर तो सेकंदाला तीस फ्रेम देतो का, एवढंच कळायला हवं. ऑनलाइन गेम असेल तर सर्व्हर कुठे आहे ते आधी. ‘व्हॅलोरंट’चे सर्व्हर २०२० मध्ये मुंबईत आले, आणि सिंगापूरच्या सर्व्हरवर गोळी आपल्या आधी समोरच्याला दिसते हे दुखणं गेलं. त्यानं गेम जितका सुधारला तितका कोणत्याही अपडेटनं सुधारला नसेल, असं इथे ठामपणे सांगतात. कोणत्याही परदेशी रिव्ह्यूत ही ओळ सापडणार नाही.

आकडा मशीनप्रमाणे किती बदलतो, याचं ढळढळीत उदाहरण डिसेंबर २०२० मध्ये सगळ्यांनी पाहिलं. ‘सायबरपंक २०७७’चे कोड समीक्षकांना फक्त पीसीसाठी दिले गेले आणि स्वतःचं चित्रण दाखवायला मनाई होती. पीसीवर ८६ पडले. प्लेस्टेशन ४ वर गेम धड चालेना. त्याचे गुण नंतर आले, ५७. लाँचनंतर आठवड्याभरात सोनीनं तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. तोच गेम दुरुस्त्यांनंतर २०२३ मध्ये वाखाणला गेला. ‘नो मॅन्स स्काय’ २०१६ मध्ये शिव्या खात आला आणि स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात त्याचा एकूण कौल ‘फार चांगला’पर्यंत चढायला २०२४ उजाडलं. खारघरचा मुलगा गेम लाँचच्या दिवशी घेतच नाही. तो दोन वर्षांनी, सेलमध्ये, पाव किमतीला घेतो. त्याच्या समोर असतो तो आकडा लाँचच्या आठवड्यातला, दुसऱ्याच मशीनवरचा, जवळजवळ दुसऱ्याच गेमचा.

म्हणून इथली पद्धत अशी: स्टीमवर गेम विकत घ्यायचा, उतरवायचा, आणि घड्याळ लावून बसायचं. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. त्या दोन तासांत कथा वगैरे कोणी बघत नाही. सगळ्यात गर्दीचा चौक शोधायचा, गाडी घ्यायची, स्फोट करायचे आणि कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा कुठवर पडतो ते बघायचं.

यातल्या एका टोळक्यानं मला त्यांची गूगल शीट दाखवली. रकाने असे: लॅपटॉप, कार्ड, सेटिंग, फ्रेम, किती जीबी, कितीला घेतला, कितव्या तासाला सोडला. शेवटचा रकाना वाचण्यासारखा आहे. नावाजलेल्या एका गेमपुढे ‘तिसरा तास, ट्युटोरिअल संपेना’, आणि कोणी नावही न घेतलेल्या एका ट्रक चालवायच्या गेमपुढे ‘अजून चालू’. मध्यंतरी कोणीतरी ‘दहापैकी’ असा एक रकाना वाढवला होता. सगळेच सगळ्या गेमला आठ देऊ लागले, म्हणून तो उडवला. त्या जागी आता ‘सध्या कोणाच्या अकाउंटवर आहे’ असा रकाना आहे, आणि त्यावरून भांडणं चालू आहेत.